टॉवेलखाली कादरचाचा

अळी म्हटलं की आम्ही नारळवाले आधी औषध शोधतो. परवाचंच सांगतो. नागावात सकाळपासून लाइट नव्हती आणि त्यात आमच्या विहिरीजवळच्या ओल्या पाचोळ्यात पाच-सहा काळ्या, खवल्याखवल्यांच्या अळ्या दिसल्या. बायको तडक फवारणीचा पंप भरायला गेली. मी एक अळी डबीत घालून शेजारच्या कादरचाचांना हाक मारली. त्यांचा जन्म नारळाच्या वाडीत गेलाय.

चाचांनी डबी डोळ्याजवळ नेली. "नारळ पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पांढरी, गुबगुबीत असते. ही ती न्हाय. टॉवेल दे."

भर दुपारी चाचा डोक्यावरून टॉवेल घेऊन, डबीवर वाकून बसले. तेवढ्यात पंप घेऊन बायको आली. "अगो बाई, चाचांना सर्दी झालीय? वाफेला पाणी तरी गरम करून द्यायचं!"

"चूप!" टॉवेलमधून आवाज आला. "शेपटीला दिवा हाय. काजव्याचं पिल्लू हाय हे. गोगलगाई खातं, नारळाला तोंड लावत न्हाय."

मग आम्हीही आळीपाळीने टॉवेलखाली डोकं घातलं. खरंच, दोन हिरवे ठिपके!

बायकोने पंप खाली ठेवला. "अख्ख्या नागावात एकाच्याच घरी लाइट आहे," ती म्हणाली, "तीही मीच कशाला घालवू?"