बाजूच्या सीटवरचा ब्रेक

...अहो नाही, पाय पुन्हा नाही मोडला! प्लास्टर मोडलंय, प्लास्टर! हे बघा, टाचेपासून वर उभी भेग. आठ दिवसांपूर्वी ह्याच बाकावरून घरी गेलो, आज परत हजर! मगाशी ती सिस्टर म्हणते कशी, "काय काका, परत पडलात?" म्हटलं, बाई, पडलो नाही, गाडीत बसलो होतो. नुसता बसलो होतो! तर तोंड फिरवून हसली. हसू दे. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं गाडी शिकवतोय मी! निम्मं गाव माझ्या हाताखालून रस्त्यावर आलंय, आणि पावसात गाडी कशी चालवायची, ह्यावर तर भाषणं देतो मी, भाषणं!

काल तेच द्यायला निघालो होतो ना. बसडेपोत. शंभर ड्रायव्हर, आणि मॅनेजर असा, की घड्याळानं त्याच्याकडे बघून वेळ लावावी. "अकरा म्हणजे अकरा हं मास्तर! भाषण जमलं, तर वर्षभराचं ट्रेनिंग तुमच्याकडे." वर्षभराचं! जन्मात एकदा येते अशी संधी. आणि मी? आदल्या आठवड्यात बाथरूमच्या ओल्या फरशीवरून घसरून उजवा पाय प्लास्टरमध्ये! आता गाडी चालवणार कोण? आमची ही. हिला शिकवलं कोणी? मीच! शिकताना ती दोनदा रडली, मी एकदा.

दहाला निघालो, आणि पाऊस... काय सांगू, वायपर नुसता हात जोडत होता! ही तीसवर. चाळीस नाही हो, तीस! पुढची गाडी इतकी लांब, की ती आपल्याच रस्त्यावर आहे का, अशी शंका यावी. म्हटलं, "अगं, दाब की जरा!"

"ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट. तुम्हीच सांगता."

"ते विद्यार्थ्यांना!"

"मग मी कोण होते?"

घ्या!

बरं, त्यात आणखी एक भानगड. आमच्या शाळेच्या गाडीत मास्तरच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला, की आपण दाबायचा. घरच्या गाडीत माझ्या पायाशी काय? पायपुसणं! पण हे पायाला कोण सांगणार? समोर ट्रक वळला... दाबला! कुत्रं आडवं आलं... दाबला! हिनं आधीच वेग कमी केलेला, गाडी अलगद सावरलेली, तरी मी आपला दाबतोच आहे! तोंडानं "चल, चल" आणि पायानं ब्रेक. ही शांतपणे म्हणाली, "अहो, एक काहीतरी ठरवा." अहो, ठरवायचं काय त्यात? बावीस वर्षं शिकवतोय मी!

असं करत पुलापाशी आलो. रस्ता पुलाखालून जातो, आणि तिथेच पाणी साचलेलं. पलीकडे डेपोचं गेट दिसतंय, अकराला दहा कमी, आणि हिनं गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन हं!

"अगं, घोटाभर पाणी असेल! पहिल्या गियरमध्ये टाक, मध्ये थांबू नकोस, घाल!"

"खोली माहीत नाही, त्या पाण्यात गाडी घालायची नाही."

"अगं पण अकरा!"

"सावकाश पोचू, पण पोचू. तुमच्याच गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलंय."

तेवढ्यात मागून एक जीप. पीं पीं पीं! आमच्या काचेवर चिखल उडवून सरळ पाण्यात! आणि ती घुसताना बघून मी... काय केलं असेल? दाबला! त्याच्यासाठी! अहो, जीप त्याची, पाणी त्याचं, आणि प्लास्टर माझं! कडाड! त्याच क्षणी पुलाखाली जीप फुस्स. पाणी बघता बघता खिडकीला लागलं, आणि आतला माणूस खिडकीतून कसाबसा टपावर चढला.

खोटं कशाला बोलू, मी आधी त्या टपाकडे बघितलं, मग माझ्या प्लास्टरकडे. त्या जागी आम्ही दोघं असतो... माझा पाय हा असा, मी कुठला टपावर चढतोय? आणि "घाल" म्हणणारा मीच! हिच्याकडे बघायची हिंमत होईना.

आणि टपावरून तो माणूस ओरडतोय काय? "मास्तर! अहो मास्तर!" मॅनेजर! अकरा म्हणजे अकरावाला!

छातीभर पाण्यातून आला कुडकुडत. हिनं त्याला टॉवेल दिला, मागच्या सीटवर बसवलं, आणि टेकडीवरच्या लांबच्या रस्त्यानं नेलं. तीसच्या वेगानं! पोचलो पावणेबाराला. एकानंही चकार शब्द काढला नाही, कारण उशीर मॅनेजरलाच झालेला. आणि हा गृहस्थ थेट माईकवर जाऊन म्हणतो, "आज बोलतील बाई!"

बोलली. माझंच भाषण, शब्दन् शब्द! टाळ्या मात्र मला कधी मिळाल्या नव्हत्या एवढ्या. वर्षभराचं ट्रेनिंगही मिळालं... शाळा माझी, शिकवणार ही.

हो हो सिस्टर, आलो! तर आता नवीन प्लास्टर, आणखी सहा आठवडे. घरी न्यायलाही हीच येणार आहे. सकाळीच बजावलंय तिनं, "बाजूच्या सीटवर बसायचं नाही. मुकाट्यानं मागे बसायचं." बसतो, काय करणार? एवढंच, की मागे बसून डाव्या पायानं दाबावा लागेल!