तपासणीपुरते डॉक्टर

अधिष्ठाता महोदय, सुजाता मॅडमच्या घरची मंडळी, सिस्टर, वॉर्डांतले मामा-मावशी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याआधी चौघे बोलले. चौघांनीही मॅडमना दीपस्तंभ म्हटलं. मला तसं बोलता येणार नाही. मी मेडिसिनचा विभागप्रमुख. मॅडमबरोबर अकरा वर्षं काम केलं आणि शेवटी त्यांना फसवलं. आज तेच सांगायला उभा आहे.

आपल्या देशात इमर्जन्सी मेडिसिन ही शाखाच अजून नवी. मॅडम ती परदेशात शिकल्या आणि परत येऊन सोलापुरात आपल्या कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, दारात उभ्या राहिल्या. काय होतं तिथं? एक टेबल, एक इंटर्न आणि चिठ्ठ्यांचं पॅड. रुग्ण आला की चिठ्ठी लिहायची आणि वर वॉर्डात पाठवायचं. मॅडम म्हणायच्या, "दारात सगळ्यात जाणता डॉक्टर हवा. आपण सगळ्यात नवखा ठेवतो."

नव्या डॉक्टरला त्या पहिल्या दिवशी स्ट्रेचरवर झोपवायच्या आणि फाटकापासून आत ढकलत न्यायच्या. मलाही झोपवलं. ढकलणारे मामा म्हणाले, "सर, पाय आत घ्या की. पेशंटाचे रोज दाराला आपटत्यात, तुमचे नकोत." मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दार रुंद करण्याचा अर्ज दिला.

मग इमर्जन्सीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला परवानगी हवी होती. समितीच्या तपासणीच्या दिवशी प्रत्येक विभागानं आपापले डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत उभे केले. माझे दोघे आता इमर्जन्सीचे, अशी फॉर्मवर सही मी केली. विद्यार्थ्यांच्या जागा मिळाल्या. समितीची गाडी वळली नाही तोच मी माझी माणसं वर बोलावली. बाकीच्या विभागप्रमुखांनो, तुम्ही काय वेगळं केलंत? मॅडमच्या पहिल्या तुकडीचे तीन विद्यार्थी आले, समीर त्यांतलाच. तेही आपण वॉर्डांत वाटून घेतले. माणसं कमी आहेत, म्हणालो.

बैठकीत मॅडमनी विचारलं, "ही माणसं तुम्ही मला दिली होतीत, की नुसती दाखवली होतीत?"

मी बशीतल्या बिस्किटांकडे बघत होतो.

गेल्या महिन्यात मंद्रूपची एक बाई आली. मण्यार चावलेली. श्वास थांबत आलेला. इंटर्न म्हणाला, डॉक्टर वर आहेत, येतायत. तिची सासू म्हणाली, "समदे डाक्टर वर हायत, मग हितं कोण हाय?"

कोण होतं, सांगतो. पद्मा सिस्टर होत्या. मॅडमनी शिकवलं होतं तसं त्यांनी हातानं श्वासाची बॅग दाबत श्वास चालू ठेवला, आम्ही जिने उतरेपर्यंत. बाई वाचली. आमच्यामुळे नाही.

मॅडम तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "त्या बाईच्या वेळी खाली डॉक्टर कोण होता, सर?"

मी म्हणालो, "समीर होता. तुमचा समीर."

"मग झालं," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी त्या गेल्या.

समीर, तू मागं बसला आहेस. त्या वेळी तू माझ्या वॉर्डात डिस्चार्ज कार्डं लिहीत होतास. मीच तुला बसवलं होतं.

महोदय, आपण या सभागृहाला मॅडमचं नाव देणार आहात. नावाचं नंतर बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. पुन्हा तोच फॉर्म माझ्या टेबलावर आला आहे. मी सही करणार नाही. तिघं विद्यार्थी खाली जाईपर्यंत नाही, माझे दोघं खाली जाईपर्यंत नाही. जागा गेल्या तर समितीला कारण मी स्वतः सांगेन.

आणि माझ्या वॉर्डासाठी मला कुणाच्या परवानगीची गरज नाही. समीर, ऊठ. कॅज्युअल्टीत जा. इथं थांबू नकोस. तुझी कार्डं आज मी लिहीन.

बाकीच्यांनी माझ्याबरोबर दोन मिनिटं उभं राहावं.

सुजाता मॅडम, अखेरचा नमस्कार. त्या दिवशी खाली समीर नव्हता.