चार शपथपत्रं आणि पाचवं

ताई : आधी दार लावा, मास्तर. आणि हळू बोला. पलीकडं माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या कंत्राटदाराची माणसं बसलीत, आणि मधली भिंत नुसती फळ्यांची आहे.

मास्तर : कडी बसत नाहीये. खुर्ची टेकवतो. बसा तुम्ही, चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा.

ताई : तुमचा काय गुलाबी आहे? सांगा, काय म्हणाला तो कॉलेजातला कारकून? शब्दन्‌शब्द सांगा.

मास्तर : माझ्या टायपिंगच्या वर्गात होता तो कधीकाळी, म्हणून तरी फोन केला बिचाऱ्यानं. म्हणाला, 'सर, काल कंत्राटदाराचा वकील आला होता. तुमच्या आमदारबाईंच्या शेवटच्या वर्षाचा निकाल मागितला. शिक्का मारलेली नक्कल घेऊन गेला.'

ताई : आणि त्या नकलेत काय आहे?

मास्तर : नापास.

ताई : हं.

मास्तर : आणि आपल्या शपथपत्रांत आहे पदवीधर. एकदा नाही हो, चारदा! पाचवं या निळ्या फायलीत तयार आहे, तुमची सही तेवढी बाकी. खाली नोटरी बसलाय. तीन वाजता अर्ज घेणं बंद. आत्ता झालेत दोन वाजून पाच मिनिटं.

ताई : सही केली तर?

मास्तर : उद्या छाननी आहे. वकील ती नक्कल टेबलावर आपटणार. उमेदवारी तर जाईलच, वर खटला. खोटी शपथ घेतली म्हणून कोर्ट कोठडीतही पाठवू शकतं.

ताई : आणि खरं लिहिलं तर?

मास्तर : तर मागची चार खोटी होती, हे आपण आपल्याच हातानं लिहून दिलं. इकडं आड, तिकडं विहीर.

ताई : मास्तर, मला भीती वाटतेय. खरंच सांगते. पहिल्या निवडणुकीत गाडीवर दगड आले तेव्हा वाटली नव्हती एवढी.

मास्तर : ताई, बोलू का? बोलतोच. हे पाप माझं आहे.

ताई : तुमचं कसं?

मास्तर : म्हणजे बघा, पहिला अर्ज तुम्ही स्वतः भरलात. तेव्हा मी तुमच्याकडं नव्हतो. त्यात शिक्षणाच्या रकान्यात आहे, 'शेवटचं वर्ष अपूर्ण'. निवडून आलात, मला कामावर घेतलंत. मग सभागृहाच्या ग्रंथालयानं ते पुस्तक काढलं ना, सगळ्या आमदारांच्या माहितीचं? त्यात तुमच्या फोटोखाली छापून आलं, 'शिक्षण : पदवीधर'.

ताई : आठवतं.

मास्तर : दुसऱ्या निवडणुकीला अर्ज मी भरला. समोर दोन कागद. एक तुमच्या हातचा, एक सरकारी छापाचा. आता मी जन्मभर टायपिंग शिकवलेला माणूस. हातानं लिहिलेलं चुकतं, छापलेलं तपासलेलं असतं, असं मीच पोरांना सांगायचो. छापील धरलं! तुम्हाला विचारलंसुद्धा नाही.

ताई : आणि पुढच्या पुस्तकाला ग्रंथालयानं माहिती कुठून घेतली?

मास्तर : आपल्या शपथपत्रावरून! आणि पुढच्या शपथपत्राला मी त्यांच्या पुस्तकावरून. ते आमच्याकडं बघतात, आम्ही त्यांच्याकडं. वीस वर्षं हेच चाललंय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

ताई : कुत्रं कोण, मी?

मास्तर : अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला!

ताई : चेष्टा केली हो. रडू नका. चष्मा पुसा आधी.

मास्तर : हे घ्या. पत्र लिहून आणलंय मी.

ताई : 'मी, आमदारबाईंचा लेखनिक, शपथेवर लिहून देतो की शिक्षणाची खोटी माहिती मी माझ्या मनानं भरली. बाईंना याची काहीही कल्पना नव्हती. त्या माझ्यावर विसंबून सही करत.' मास्तर, हे काय?

मास्तर : आपल्या वकीलसाहेबांना दाखवलं सकाळी. म्हणाले, हे जोडलं आणि आजचा अर्ज दुरुस्त केला, तर तुम्ही बहुतेक सुटाल. माझं काय, अडुसष्ट झालीत. बायको गेली, मुलगी तिच्या घरी सुखात. चार महिने आत बसावं लागलं तर बसेन. तिथं जेवण वेळेवर मिळतं म्हणतात.

ताई : जेवण वेळेवर! रात्री दिवा लावल्याशिवाय झोप येत नाही तुम्हाला. दौऱ्यावर बाहेरच्या खोलीत दिवा जळताना बघितलाय मी.

मास्तर : सवय होईल.

ताई : थांबा. मला जरा गप्प बसू द्या.

मास्तर : बसा. पण दोन वाजून सोळा झालेत.

ताई : तो रकाना वाचा. यापूर्वी लढवलेल्या निवडणुका.

मास्तर : आत्ता? ते पाठ आहे मला.

ताई : वाचा हो. डोकं ठिकाणावर येईल माझं.

मास्तर : पहिली. दोनशे चौदा मतांनी विजयी. दोनदा फेरमोजणी. दुसरी, अकरा हजारांनी विजयी. मग चौदा महिने राज्यमंत्री, पाणीपुरवठा. तिसरी...

ताई : वाचा की. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?

मास्तर : तिसरी, तीन हजारांनी पराभूत. कंत्राटदाराकडून. चौथी, सहा हजारांनी विजयी. पाचवी, चोवीस हजारांनी विजयी. ही सहावी.

ताई : दोनशे चौदावाली तेवढी खऱ्या अर्जावरची. बाकी सगळ्या पदवीधर बाईच्या.

मास्तर : लोकांनी काय पदवी बघून मतं दिली? तुम्ही नळ आणलेत गावोगाव!

ताई : मग खोटं कशाला लिहिलं, असं विचारतील लोक. आणि बरोबरच आहे त्यांचं. मास्तर, ग्रंथालयाच्या पुस्तकात तो शब्द कुठून आला, हे कधी शोधलंत तुम्ही?

मास्तर : छापणाऱ्याची चूक. दुसरं काय?

ताई : नाही. ग्रंथालयातल्या माणसानं माहितीसाठी फोन केला होता. तेव्हा आमच्याकडं एकच फोन, बाबांच्या शिलाईच्या दुकानात. बाबांनी उचलला. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्यानं विचारलं, बाईंचं शिक्षण? बाबा म्हणाले, 'पदवीधर आहे माझी मुलगी. आमच्या अख्ख्या घरात पहिली.'

मास्तर : त्यांना ठाऊक नव्हतं?

ताई : निकालाच्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, पास झाले म्हणून. ते दुकानाच्या पायरीवर वाट बघत उभे होते हो! हातात कात्री तशीच. माझ्या तोंडून दुसरं काही निघेचना. म्हटलं, पुढच्या वेळी पेपर देऊ, पास होऊ, मग खोटं उरणारच नाही. पुढची वेळ आलीच नाही. लग्न, मुलं, मग मोर्चे, मग निवडणूक.

मास्तर : अरे देवा.

ताई : पुस्तक आलं. बाबांनी ते पान कापून भिंतीवर लावलं, शिलाई मशीनच्या वर. डोळे अधू झालेले. गिऱ्हाईक आलं की भिंग घेऊन उभे राहायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. माझी आमदारकी नाही वाचली कधी. तेवढा एकच शब्द वाचायचे.

मास्तर : म्हणजे दुसऱ्या अर्जाच्या वेळी...

ताई : वाचलं होतं मी. तुम्ही काय लिहिलंय ते नीट वाचलं आणि सही केली. म्हटलं, खोडलं तर गावभर होईल, बाबांच्या कानावर जाईल.

मास्तर : आणि मी वीस वर्षं समजतोय, तुम्ही न वाचता सही करता!

ताई : मी आणि न वाचता? पाण्याच्या टाकीचं टेंडर तीनदा परत पाठवलं होतं मी, विसरलात?

मास्तर : पण बाबा तर गेले. तिसऱ्या निवडणुकीच्या वर्षी. मग चौथ्या वेळी? पाचव्या वेळी?

ताई : तेव्हा बाबा नव्हते. तेव्हा खुर्ची होती. सगळं बाबांच्या नावावर खपवलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही तसं. प्रत्येक वेळी मी तो शब्द वाचायची, आणि सही करायची. आज कोणी पकडणार हे कळलं, म्हणून मला खरं सुचतंय. एवढी काही मी थोर नाही.

मास्तर : मग तर हे पत्र जोडाच, ताई! तुम्हाला ठाऊक होतं हे फक्त या खोलीत आहे. मी मेलो तरी तोंड उघडणार नाही. जोडा आणि सुटा.

ताई : मघाशी मी गप्प बसले ना, तेव्हा तेच मनात आलं होतं. जोडावं. मास्तरांना दोन-चार महिने होतील, आपण वकील देऊ, डबा पाठवू. डब्यात काय द्यायचं, इथपर्यंत पोचले होते मी. स्वतःचीच शिसारी आली.

मास्तर : दोन वाजून पंचवीस.

ताई : कोरा अर्ज आहे ना जवळ?

मास्तर : आहे. पण टेबल डुगडुगतंय, अक्षर बिघडेल.

ताई : तुमच्या त्या पत्राची घडी करा आणि घाला पायाखाली. छान! बघा, आलं कामाला. लिहा. शिक्षण : पदवीचं शेवटचं वर्ष, एका विषयात नापास.

मास्तर : नापास. विषय लिहावा लागेल. कोणता?

ताई : राज्यशास्त्र.

मास्तर : राज्यशास्त्र! आणि मंत्री झालात तुम्ही!

ताई : हसा. सगळे हसणारच आहेत, तुम्ही पहिले. आता शेवटचा रकाना, इतर माहिती. लिहा. 'मागच्या चार शपथपत्रांत मी पदवीधर असल्याचं लिहिलं, ते खोटं होतं. सही करताना मला ते ठाऊक होतं.'

मास्तर : दुसरं वाक्य नको, ताई. पाया पडतो. पहिल्यानं फार तर निवडणूक जाईल. दुसऱ्यानं तुम्ही आत जाल!

ताई : ते नाही लिहिलं तर उद्या विचारतील, मग कोणी लिहिलं? आणि तुम्ही पुढं होऊन हात वर कराल. ओळखते मी तुम्हाला. लिहा.

मास्तर : माझ्या हातून नाही लिहिलं जाणार.

ताई : द्या इकडं पेन. पहिला अर्जही मीच भरला होता.

(खाली नोटरीचा शिक्का घेऊन दोघं निवडणूक अधिकाऱ्यांच्या खोलीत येतात. तीनला अकरा मिनिटं कमी.)

अधिकारी : या, मॅडम. बसा. कागद बघू... मॅडम, शेवटचा रकाना तुम्ही वाचलाय ना?

ताई : मीच लिहिलाय.

अधिकारी : मी सल्ला देऊ शकत नाही. एवढंच सांगतो, एकदा मी पोच दिली की हा कागद दप्तरी जमा. मग यातला शब्द बदलता येत नाही. अजून अकरा मिनिटं आहेत. हवं तर बाहेर बसून विचार करा.

मास्तर : ताई, चला ना बाहेर. पाचच मिनिटं.

ताई : बाहेर गेले तर मी परत आत येणार नाही, मास्तर. साहेब, पाणी आहे का?

अधिकारी : घ्या. सावकाश घ्या, सांडतंय.

ताई : सांडू दे. हं. शपथ कुठून वाचायची?

अधिकारी : इथून. उभ्यानं. मोठ्यानं वाचावी लागते, नियम आहे.

ताई : 'मी शपथेवर सांगते की, या अर्जातली सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' झालं?

अधिकारी : झालं. ही पोच. मॅडम, नियमाप्रमाणं याची एक प्रत आजच बाहेर फलकावर लागेल. लोकांना वाचायला.

मास्तर : आजच? उद्या लावली तर नाही चालत?

अधिकारी : आजच लावावी लागते. पायऱ्यांजवळच्या फलकावर, वरच्या रांगेत एक जागा आहे.

ताई : वर नको, साहेब. थोडी खाली लावा, उजेड पडतो तिथं. आमच्याकडची म्हातारी माणसं भिंग घेऊन वाचतात.