खैरजाईची पहिली ओटी

मंडळी, बसा. मागे जागा आहे, दाटी नको. आज आवाज जरा बसलाय, तेव्हा तुम्हीच शांत राहून मला सांभाळून घ्या.

एक प्रश्न विचारते. खोटं कुणीच बोललं नाही आणि तरी खोटं गावभर झालं, तर पाप कुणाच्या माथी? लगेच मोबाईलमध्ये शोधू नका हो. आख्यान त्याचंच आहे.

खैरतळे नावाचं गाव. गावाची देवी खैरजाई. फार मागे तिथे पटकीची साथ आली आणि सारं गाव देवीला एकटी टाकून डोंगरावर पळालं. राहिली एक विधवा. तिनं देवीला न्हाऊ घातलं आणि घरात उरलेल्या कण्यांनी तिची ओटी भरली. तेव्हापासून घटस्थापनेला पहिली ओटी गावातल्या सगळ्यात वडील विधवेची. बाकी जगात विधवेला मागे उभं करतात – करतात ना? माना खाली घालू नका – पण खैरजाईच्या दारात ती पुढे. आणि ओटी भरताना पुरुषांनी पायरीखाली थांबायचं, असा दंडक.

हा मान होता चंद्राकाकूंचा. त्यांचा पुतण्या सदानंद, शहरात प्राध्यापक. गावावर जीव. इंटरनेटवर तो फुकटचा ज्ञानकोश असतो ना, कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, त्यात त्यानं खैरतळ्याचं पान लिहिलं. नदी लिहिली, देऊळ लिहिलं. ओटीपाशी आला आणि थांबला. आत कधी गेलेला नव्हता. लहानपणी पायरीखाली उभा असायचा, तेव्हा कुंकू ल्यालेल्या बायका हसत बाहेर येताना दिसायच्या. काकू मागे राहून गाभारा आवरायच्या, त्या दिसायच्या नाहीत. त्यानं लिहून टाकलं – पहिली ओटी ज्येष्ठ सुवासिनी भरते. काकूंना एक फोन करायचा, तो राहिला. हेतू वाईट होता? मुळीच नाही. आपलेही हेतू चांगलेच असतात, मंडळी. दमून जावं इतके चांगले.

पुढे एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते वाक्य जसंच्या तसं उतरलं. मग ज्ञानकोशात कुणा नेटक्या माणसानं पाहिलं की या वाक्याला आधार नाही. त्यानं त्याच पुरवणीचा आधार जोडला. झालं. पोराला बापाचा दाखला आणि बापाला पोराचा!

देवस्थानचे अध्यक्ष भिकाजीराव दळवी यांनी ते वाचलं. नवरात्राच्या तोंडावर काकूंच्या ओसरीवर येऊन नम्रपणे म्हणाले, यंदा आमच्या घरातून ओटी भरतील, शास्त्र तसंच आहे, ज्ञानकोशात लिहिलंय, पेपरात छापूनही आलंय. काकू भांडल्या नाहीत. रात्रभर जाग्या राहिल्या आणि सकाळी सदानंदाला फोन केला.

"तू शिकलेला आहेस रे. त्या पुस्तकात नीट बघून सांग. इतकी वर्षं मी आईला बाटवत आले का?"

सदानंदानं पान उघडलं. तिथे एक सोय असते, कोणतं वाक्य कुणी लिहिलं ते दिसतं. त्यानं पाहिलं, तर नाव त्याचंच.

त्यानं लगेच दुरुस्ती केली. संध्याकाळी ती पुसलेली. त्या नेटक्या माणसानं सभ्यपणे कळवलं होतं की आपल्या काकूंचं सांगणं आम्हांला पडताळता येत नाही, पुरवणीचं येतं. आता याला रागवायचं कसं? नियमानं तोही बरोबर. कुणीही उठून माझी काकू असं म्हणते म्हणून लिहू लागला, तर त्या कोशाचं काय होईल? सदानंद कपाळ धरून बसला. आपण लिहिलेलं आपल्यालाच खोडता येईना.

घटस्थापनेला तो गावी पोचला. भिकाजीरावांच्या पत्नी सुलभाबाई ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. सदानंदानं सगळ्यांसमोर सांगितलं की ते वाक्य माझं आहे.

भिकाजीराव म्हणाले, "अहो, पण पेपरात आलंय."

"त्यांनी माझं बघून छापलं, दळवीकाका. आणि मी कुणालाच न विचारता लिहिलं."

सुलभाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत काय होतं ते आम्हा बायकांना सगळ्यांनाच ठाऊक होतं. विचारलं कुणी?" आणि ताट त्यांनी काकूंच्या हातात दिलं.

गोड शेवट झाला, असं वाटलं ना? थांबा. काकू उंबऱ्यापर्यंत गेल्या. आयुष्यभर ज्या बाईनं देवीखेरीज कुणाची परवानगी मागितली नव्हती, ती तिथे अडखळली. मागे वळून पायरीखालच्या सदानंदाला तिनं विचारलं, "भरू ना रे?"

पान दुरुस्त होईल, मंडळी. आज ना उद्या होईल. पण तो प्रश्न आता कोण खोडणार?

तो ज्ञानकोश वाईट नाही. मीही तिथे जाते. गावविहिरीसारखा आहे, सगळ्यांचा, म्हणून उपसायचाही सगळ्यांनीच. तिथलं वाक्य घेताना खालचा आधार उघडा, आणि तो आधार कुणाच्या आधारावर उभा आहे तेही बघा. कंटाळा येतो, ठाऊक आहे मला. पण आज घरी जाल, कुणाला तरी काहीतरी पुढे पाठवाल. त्याआधी एवढंच मनाशी विचारा – हे मी पाहिलं, की पायरीखालून पाहिलं?

आता डोळे मिटा आणि ज्याला सगळं आतून ठाऊक आहे, त्याचं नाव घ्या.