पाठीवरची कांडी

तुम्ही म्हणता मी तापट आहे, पण ऐका तर खरं.

माही पोरगी परी तवा आठ महिन्यांची होती. दोन दिवसांपासून सारखी रडून राह्यली होती. नणंद म्हणे, ‘‘वणीत एक बाई जपानी अ‍ॅक्युपंक्चर करते, लेकरायले सुई न टोचता, नुसतं कातडीवर घासून.’’ आम्ही गेलो. तिनं धातूच्या बोथट कांडीनं परीची पाठ हळूहळू घासली. पोरगी गप झाली. मलेही बरं वाटलं. पण कुशीवर निजवली तशी पुन्हा किंचाळली.

मी विचारलं, ‘‘इचा कान तर दुखत नसन?’’

‘‘नाही. आईचा राग दुधातून बाळात उतरते. तुम्ही शांत राहा.’’

‘‘बाई, इनं माहं दूध कधी पेलंच नाही. डब्याचं पेते. तुम्ही विचारलं तरी का?’’

मी तशीच पोरीले उचलून दवाखान्यात गेली. डॉक्टरनं पाह्यलं, तर कानात पू. औषध सुरू झालं, तशी दोन-तीन दिवसांत पोरगी खेळाले लागली.

तरी नणंद म्हणतेच, ‘‘पण वहिनी, त्या बाईनं परीले गप तर केलतं.’’

मी म्हटलं, ‘‘गप तर मीही राहते तुमच्या घरी. मंग मले काही दुखतच नसन का?’’