दोन सारखी कार्डं

हसू नका रे, माझी अजून टरकलेली आहे. बाबांच्या गाण्याच्या प्लेअरसाठी आणखी एक मोठं मेमरी कार्ड आणलं, अगदी जुन्यासारखंच. एवढं मोठं कार्ड आधी फॉरमॅट केलं नाही, तर प्लेअर नुसतं ‘कार्ड एरर’ दाखवतो. म्हणून लॅपटॉपवर एक फॉरमॅट केलं आणि टेबलावरचं दुसरं प्लेअरमध्ये घातलं.

‘कार्ड एरर.’

म्हणजे यार, नवं हे होतं, आणि मी पुसलं ते जुनं! आई गेली, तिने म्हटलेली गाणी फक्त त्यातच होती.

आतून बाबा म्हणाले, “झालं का रे? आईचं लाव ना.”

“प्लेअर बिघडलाय बाबा. कांदिवलीला दुरुस्तीला टाकतो.”

आठवडा झाला. बाबा रोज दारातच विचारतात. आणि प्लेअर हा बघा, माझ्या बॅगेत.