पाटीवरचं नाव आणि आतलं यंत्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या हौशी रेडिओ मंडळाचे नवे-जुने सभासद, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले दुरुस्तीवाले तात्या,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी चिटणीसांना विचारलं, "खरं सांगितलेलं चालेल ना?" ते म्हणाले, "चालेल, पण थोडक्यात." प्रयत्न करते.

एकोणीस वर्षांपूर्वी माझे यजमान त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावताना गेले. यंत्र बंद होतं. पण या जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बंद केल्यावरही दोन-तीन हजार व्होल्ट साठून राहू शकतात. त्या मॉडेलचं झाकण उघडलं, की आतली एक पट्टी तो साठा अर्थिंगला उतरवते. त्या भरवशावर त्यांनी झाकण काढलं. पट्टी नव्हतीच.

सगळे म्हणाले, घाई केली असेल. मीही तेच धरून बसले.

तीन आठवड्यांनी तात्या घरी आले. यंत्र उघडून दुपारभर पाहत राहिले. चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला. मग म्हणाले, "वहिनी, पाटीवर एका मॉडेलचं नाव आहे, आत यंत्र दुसरंच आहे. फार पूर्वी कुणीतरी जुळवाजुळव केलीय. ट्रान्सफॉर्मर वेगळा, व्हॉल्व्हच्या बैठकीची भोकं हातानं पाडलेली. चार महिन्यांपूर्वी हे माझ्याकडे दुरुस्तीला होतं. मी पाटी वाचली, बिघाड काढला, परत दिलं. पट्टी आहे का, ते पाहिलं नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती."

अध्यक्ष महोदय, तात्या गप्प बसले असते, तर कुणाला कळणार होतं?

मी त्यांना दार दाखवलं. दोन वर्षं एक शब्द बोलले नाही. ते यंत्र मात्र घरात डोळ्यांसमोर नको होतं आणि भंगारातही घालवत नव्हतं. शेवटी गाडीत घालून त्यांच्या कामाच्या खोलीवर नेलं.

तिथे भिंतीला लागून अकरा अ‍ॅम्प्लिफायर होते. प्रत्येकावर कागद चिकटवलेला: पाटी काय म्हणते, आत काय निघालं, पट्टी होती की नवी बसवली.

"हे कुणी वाचतं का?" मी विचारलं.

"नाही. तरी लिहितो."

मी म्हटलं, "मग मला शिकवा."

मला तेव्हा साधा फ्यूज बदलता येत नव्हता, हे इथे हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. महिनाभर त्यांनी मला दुसरं काही करू दिलं नाही. एक हात पाठीमागे, दुसऱ्यात लाकडी मुठीची, अर्थिंगची तार जोडलेली काठी, आणि साठा उतरवायचा. उतरला का, पुन्हा पाहायचं. पाटीकडे सगळ्यात शेवटी.

सतरा वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं. त्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी पेचकस खाली ठेवला. म्हणाले, "हात कापतो, वहिनी. आता मी पाहिलेल्यावर भरवसा ठेवू नका."

तात्या, माझ्या मनात तुमच्याविषयी कसलंही किल्मिष उरलेलं नाही. बरीच वर्षं झाली, उरलेलं नाही. हे मी टेबलाशी बसून सांगायला हवं होतं. तिथे जमलं नाही, म्हणून इतक्या लोकांसमोर सांगते आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही जास्तीचं बोलले असेन, तर मला बोलायची सवय नाही म्हणून सोडून द्या आणि मोठ्या मनानं पोटात घाला.